बंपर, बिडिंग, क्लॅडिंग

सकाळी ८. कल्याणवरून येणारा ६१ क्रमांकाचा महामार्ग नगर सोडून करंजी घाट ओलांडतो आणि तिसगावातून पाथर्डीकडे जातो. मढी इथून जवळच. होळी ते पाडवा कानिफनाथांची यात्रा, म्हणजे आमचा हंगाम. इंजिनवाले मिस्त्री शेजारी बसतात. माझ्याकडं फक्त गाडीवरचं प्लास्टिक.

साडेआठ. पहिलीच गाडी बंपर सुतळीनं बांधून आली. "गाढवानं लाथ मारली, मिस्त्री." मढीला गाढवांचा बाजार भरतो, तेव्हा ऐकून घेतलं. पण कोपऱ्यावर पिवळ्या रंगाचा ओरखडा होता, आणि पिवळं गाढव अजून कोणी पाहिलेलं नाही. असो. बंपर धड होता. तो ज्यात अडकतो ते फेंडरवरचं ब्रॅकेट तुटलं होतं. दहात आठ वेळा हेच असतं, आणि लोक नवा बंपर घ्यायला निघतात. चाकावरच्या कमानीतलं अस्तर सोडवायचं, क्लिपांची मधली पिन आधी वर काढायची, मग क्लिप. थेट पेचकस घालून उपटली की क्लिप गेलीच. काही जण वरूनच पत्र्यात स्क्रू मारतात. तिथला रंग उडतो आणि दोन पावसाळ्यांत गंज धरतो.

१०. क्लॅडिंगचं, म्हणजे गाडीच्या कडेच्या प्लास्टिक आवरणाचं, लॉक मोडलंय, मालकाच्या हातात गोंदाची ट्यूब. तुकडा उलटा करून मागचा शिक्का दाखवला: 'पीपी+ईपीडीएम-टी१०'. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्यात रबर आणि दहा टक्के शंखजिऱ्याची पूड. याला साधा गोंद धरत नाही, पृष्ठभागच तेलकट स्वभावाचा. शिक्का पुसला असेल तर कपची बादलीत टाकायची. तरंगली तर बहुधा पीपी, बुडाली तर बहुधा एबीएस हे दुसरं प्लास्टिक. पीपी असलं की गरम करून आत तारेची पिन बसवायची आणि वरून त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी वितळवायची. धूर होतो, म्हणून दारात बसून.

१२. दाराची बिडिंग, म्हणजे चिकटवलेली पट्टी, निघालीय. जुनी टेप नायलॉनच्या दोऱ्यानं कापत काढली. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. रॉकेल, डिझेल नको. त्यांचा ओशटपणा मागं राहतो. चमक आणायचं सिलिकॉन पॉलिश तर टेपचं हाडवैरी. पत्र्याला हात लावून पाहिला, चटका बसला. टेप लावायला साधारण २१ ते ३८ अंश चांगले. गाडी लिंबाच्या सावलीत लोटली.

१ ते ३. भाकरी, ठेचा, डुलकी. टेपवरून आठवलं, मास्किंग टेपही गॅरेजातल्याच त्रासातून निघाली: दुरंगी मोटारी रंगवताना कडा खराब होत, म्हणून अमेरिकेत रिचर्ड ड्र्यू यांनी १९२५ साली ती केली. आमच्या धंद्यानं जगाला काहीच दिलं नाही असं नव्हे.

४. पत्रा निवला. मीटरभर पीपीची पट्टी चाळीस अंशांनी तापली तर सुमारे चार मिलिमीटर वाढते, लोखंडी पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर. ही ओढाताण फोमची डबल टेप आतल्या आत ताणून सोसते. कडक गोंद तडकतो. बिडिंग बसवून रोलरनं दाबत नेली. चिकटवण्यापेक्षा दाबण्याला महत्त्व आहे, आणि नेमका तिथंच हात आळसतो.

"झालं? लगेच धुऊन नेतो. उद्या पाहुण्यांचं लग्न आहे."

"नको दादा. वीस मिनिटांत निम्मी पकड येते, पुरी यायला तीन दिवस. फडक्यानं पुसा, प्रेशरचं पाणी मारू नका."

"वरात धुळीची गाडी घेऊन काढू का?"

"मग दुसऱ्याची गाडी न्या."

तो हसला. पण धुणारच, हे मला ठाऊक आहे.

७. फरशीवर तुटक्या क्लिपा. आठ मिलिमीटरच्या संपल्या. नगरला निघालेल्या टेम्पोवाल्याला पाकीट आणायला सांगितलं, वर टेपचं एक बंडल.