किराणा दुकानातली चोख सेवा

किराणा दुकानातली उत्तम सेवा ‘कशासाठी हवंय?’ या प्रश्नापासून सुरू होते. गिऱ्हाइकाने नुसते पोहे मागितले, तर जाणता दुकानदार लगेच वजन करायला घेत नाही. चिवड्याला पातळ पोहे लागतात, कांदेपोह्यांना जाड. करंजीच्या पारीला बारीक रवा हवा; तोच उपम्याला वापरला तर गिचका होतो. बेसनाच्या लाडवांना जाडसर दळलेले पीठ चांगले. नव्या तांदळाला पाणी कमी लागते आणि भात चिकट होतो, जुन्याला पाणी जास्त. पहिल्यांदाच फराळ करायला घेतलेल्या घरात हे सांगणारे वडीलधारे माणूस असतेच असे नाही आणि पाकिटावरही यातले फारसे छापलेले नसते. मालाची ही जाण हेच छोट्या दुकानाचे खरे भांडवल. हसतमुख स्वागताचा क्रम त्यानंतर लागतो.

या जाणिवेची कसोटी नकारात लागते. पावसाळा संपेपर्यंत रव्याला जाळी धरलेली असू शकते, सुके खोबरे आणि शेंगदाणे खवट झालेले असू शकतात. दिवाळीची खरेदी नेमकी त्यानंतर येते. चोख दुकानदार जुन्या मालात नवा मिसळत नाही आणि ‘आजचं खोबरं नेऊ नका, परवा ताजं येईल’ असे स्वतःहून सांगतो. त्या दिवशीची विक्री बुडते, पण पुढच्या वर्षीची यादी त्याच दुकानात येते.

वजनाबाबत कायदा स्पष्ट आहे. वैध मापन शास्त्र अधिनियम 2009 हा 1 एप्रिल 2011 पासून लागू आहे. त्याखालील नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरतपासणी दर 12 महिन्यांनी, तर वजने आणि साध्या तराजूची दर 24 महिन्यांनी करून घ्यावी लागते. तपासणीचे प्रमाणपत्र दुकानात दिसेल असे लावायचे असते. चांगली सेवा याच्याही पुढे जाते. काट्यावरचा आकडा गिऱ्हाइकाला वाचता यावा, माल ठेवण्याआधी तो शून्यावर असावा आणि खोक्याचे वजन मालात धरले जाऊ नये. सुक्या मेव्याचा भेटीचा खोका 60 ग्रॅमचा असेल, तर किलोच्या दरात 940 ग्रॅमच मेवा हाती पडतो. काजू-बदामांच्या भावात ही लहान रक्कम नव्हे.

छापील किंमत ही कमाल मर्यादा असते. त्याहून कमी घेता येते, जास्त नाही. सुट्या मालाला मात्र छापील किंमत नसते, म्हणून डाळ-साखरेचे रोजचे भाव पाटीवर लिहिलेले बरे. चिठ्ठी घेऊन आलेल्या लहान मुलालाही तोच भाव मिळावा आणि मोठ्यांच्या गर्दीत त्याचा नंबर डावलला जाऊ नये. कोणत्याही दुकानाची पारख यावरून पटकन होते.

सणाच्या गर्दीत याद्या आधी मागवून सामान घरपोच देणे ही आता सर्वत्र रुळलेली सोय आहे. आता बऱ्याच याद्या व्हॉट्सॲपवरच येतात. यादीतली वस्तू संपली असेल, तर न विचारता दुसऱ्या कंपनीची घालू नये. आधी एक फोन करावा.

किडकी डाळ परत आली की दुकानदाराचा खरा स्वभाव कळतो. ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 नुसार बिलावर नमूद केलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास 30 दिवसांत, सदोष माल परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणे हेही त्यातच मोडते. भला दुकानदार मात्र कायद्याची आठवण करून द्यायची वेळ येऊ देत नाही. पिशवी उघडून पाहतो आणि माल बदलून देतो.

उधारी ही मोठ्या मॉलला सहसा न जमणारी सेवा. पगार उशिरा झाला, घरात आजारपण आले, तर कित्येक घरांची चूल महिन्याच्या खात्यावर पेटती राहते. हे खाते दोन्हीकडे लिहिलेले असावे: एक नोंद दुकानाच्या वहीत, दुसरी गिऱ्हाइकाच्या पुस्तिकेत. बाकीचा आकडा चारचौघांत मोठ्याने सांगणे हा गिऱ्हाइकाचा अपमान आहे. चांगले दुकानदार तो चिठ्ठीवर लिहून हाती देतात. मात्र हा विश्वास एकतर्फी टिकत नाही. घाऊक व्यापाऱ्याचे पैसे दुकानदारालाही वेळेवर चुकते करावे लागतात. पाडव्याला अनेक दुकानांत नवी वही सुरू होते. ज्यांना शक्य आहे त्यांनी मागची बाकी त्याआधी जरूर फेडावी.