नोकरदारांचा घरचा डबा : सुरक्षितता आणि काटकसर

प्रस्तावना :
सकाळी सहाला भरलेला डबा दुपारी एकला उघडणे हा बाहेरगावी नोकरी करणाऱ्या प्राध्यापकांचा नित्याचा अनुभव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये सुरक्षित अन्नाची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. शिजवलेले अन्न सामान्य तापमानात दोन तासांहून अधिक काळ ठेवू नये, असे त्यांत सांगितले आहे. आपला डबा या कसोटीला उतरत नाही. तथापि, रोज उपाहारगृहात जेवणे, विशेषतः तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या सहकाऱ्यांना, परवडणारे नाही. दोन तास आणि सात तास यांतील हे अंतर कसे हाताळावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कोमट अन्नाचा धोका :
साधारणपणे ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जिवाणूंची वाढ झपाट्याने होते. भात हे याचे बोलके उदाहरण होय. तांदळात आढळणाऱ्या 'बॅसिलस सिरिअस' या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानेही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि उलट्या घडवणारे विष तयार करतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. त्यामुळे "दुपारी गरम करून खाऊ" हा दिलासा येथे फोल ठरतो. अन्नाला वास येत नाही म्हणजे ते चांगले आहे, ही समजूतही तितकीच भ्रामक आहे.

गरम भाजी भरून लगेच झाकण लावायचे आणि डबा कापडी पिशवीत गुंडाळायचा, ही आपली पद्धत नेमकी कोमटपणाच टिकवते. यावर दोनच मार्ग संभवतात. उष्णतारोधक डबा असल्यास त्यात आधी उकळते पाणी काही मिनिटे ठेवून, ते ओतून, मग वाफाळते अन्न भरावे. तसा डबा नसल्यास अन्न पसरट ताटात लवकर निववून मगच झाकण लावावे. रात्रीची उसळ वापरायची असेल तर ती रात्रीच शीतकपाटात ठेवून सकाळी पूर्ण उकळावी; ओट्यावर राहिलेली उसळ मात्र नको.

मुंबईत १८९०च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या डबेवाल्यांच्या व्यवस्थेची वाखाणणी बहुधा तिच्या अचूकतेसाठी होते. प्रस्तुत लेखिकेला तिचे आणखी एक महत्त्व जाणवते. नोकरदार पहाटे निघाला तरी डबा मागाहून निघतो. साहजिकच स्वयंपाक आणि भोजन यांतील काळ कमी होतो. आपल्याकडे अशी सोय नसल्याने पदार्थांची निवडच निर्णायक ठरते.

पदार्थांची निवड :
ओलावा कमी किंवा आंबटपणा अधिक असेल तेथे जिवाणूंची वाढ मंदावते. शेतावर नेल्या जाणाऱ्या भाकरी, चटणी, झुणका या शिदोरीमागे हेच तत्त्व दिसते. ओले खोबरे, पनीर, पातळ आमटी हे पदार्थ उन्हाळ्यात टाळावेत. मोड आलेली कडधान्ये कच्ची न देता शिजवून, कोरडी परतून द्यावीत. दहीभात करायचा तर निवलेल्या भातात तयार, आंबट दही कालवावे. दूध-विरजण घातल्यास आंबटपणा येण्यास काही तास लागतात आणि तेवढा काळ भात असुरक्षित राहतो.

खर्चाच्या दृष्टीने ज्वारीची भाकरी आणि डाळ किंवा कडधान्य ही जोडी उत्तम आहे. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, तर डाळींत ते भरपूर. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघते. शेंगदाण्याच्या चटणीने चवीचा प्रश्न सुटतो. मात्र दाणे बुरशी लागलेले वा काळवंडलेले नसावेत, कारण त्यांत अफ्लाटॉक्सिन असू शकते आणि ते भाजल्याने पूर्णपणे नष्ट होत नाही.

डबा स्टीलचाच असावा. वर्तमानपत्रात भाकरी बांधू नये, कारण शाईतील अपायकारक द्रव्ये अन्नात उतरतात; २०१८च्या वेष्टनविषयक नियमांनी अन्नव्यावसायिकांना वर्तमानपत्राचा असा वापर मना केला आहे. घट्ट झाकणातील रबरी कडे मात्र बहुतेक घरांत दुर्लक्षित राहते. ते रोज काढून, घासून, पूर्ण वाळवूनच परत बसवावे.