मीठ, साखर आणि पाणी

युद्ध, दुष्काळ वा महापूर आला म्हणजे अन्न आणि निवारा यांची चिंता प्रथम केली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु घरादाराला मुकलेली माणसे एके ठिकाणी दाटीने राहू लागली की रोगराई त्यांच्या पाठोपाठ येते. नेमक्या त्याच वेळी औषधे संपत येतात आणि डॉक्टर अपुरे पडतात. अशा प्रसंगी आरोग्यसेवा चालू ठेवावी तरी कशी? या प्रश्नाचे एक उत्तर १९७१ साली बंगालच्या सरहद्दीवर मिळाले. ते आमच्या वाचकांस ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते.

त्या वर्षी पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, सुमारे एक कोटी लोक जीव मुठीत धरून भारताच्या आश्रयास आले. छावण्यांत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ उसळली. जून महिन्यात कलकत्त्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनोबिस बनगावच्या रुग्णालयात दाखल झाले. तेथे दोन खोल्यांत मिळून अवघ्या सोळा खाटा होत्या. बाकीचे रोगी जमिनीवरच पडलेले होते.

पटकीचा रोगी दगावतो तो अंगातील पाणी आणि क्षार झपाट्याने निघून गेल्यामुळे. ते भरून काढण्याचा त्या काळचा रूढ उपाय म्हणजे शिरेवाटे सलाईन देणे. त्यासाठी निर्जंतुक बाटल्या हव्यात, सुया हव्यात आणि सराईत हात हवेत. बनगावात सलाईनचा साठा संपत आला होता आणि हातही पुरेनासे झाले होते.

मग पाणी पाजूनच का भागवू नये? अडचण अशी की, पटकीच्या विषामुळे आतड्यांतून पाणी सारखे पाझरत राहते. नुसते मिठाचे पाणी पाजले तरी ते बाहेर पडते. परंतु साखर शोषून घेण्याची आतड्यांची शक्ती शाबूत असते. साखर आत जाताना मिठाला सोबत नेते आणि मिठामागोमाग पाणी जाते. कलकत्ता व ढाका येथील संशोधकांनी हे पूर्वीच दाखवून दिले होते. मात्र ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. छावणीतील अशिक्षित माणसांच्या हाती हा उपचार सोपवावा काय, हाच खरा पेच होता. डॉक्टरांनी तो सोपविला.

एक लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा, असे प्रमाण ठरले. कलकत्त्यात पुड्या भरून, इस्त्रीच्या उष्णतेने त्यांची तोंडे बंद करून त्या बनगावला धाडण्यात आल्या. तेथे तोटी लावलेल्या पिंपांत मिश्रण तयार होई आणि रोग्यांचे आप्तच पेले भरभरून ते त्यांस पाजीत. आई, बहीण, भाऊ हेच परिचारक झाले. उरलेले सलाईन अत्यवस्थ रोग्यांसाठी राखून ठेवता आले. पूर्वी शंभरांतील सुमारे तीस रोगी दगावत. या उपचाराने ते प्रमाण ३.६ वर आले.

प्रारंभी अनेक तज्ज्ञांस हे खरे वाटेना. पुढे मात्र जागतिक आरोग्य संघटनेने हा उपाय जगभर नेला. डॉ. महालनोबिस २०२२ साली निवर्तले. २०२३ साली भारत सरकारने त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण देऊन गौरविले.

विद्यार्थिमित्रहो, मोठी रुग्णालये अनावश्यक आहेत, असा याचा अर्थ नव्हे. परंतु संकटकाळी सेवा टिकते ती ज्ञान चार भिंतींत कोंडून न ठेवता सर्वांच्या हाती दिल्याने. घरी जुलाब झाले आणि दुकानातील पुडी जवळ नसली, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते घोट घोट पाजावे. मिठाचे प्रमाण वाढू देऊ नये, आणि रोगी मलूल दिसताच डॉक्टरांस बोलवावे. हे माप आपण सर्वांनी पाठ करून ठेवू या. न जाणो, एखाद्या दिवशी पेला आपल्याच हाती असेल.