संगणकाचा गाभा बदलणे व त्याची आरंभ-प्रतिमा सिद्ध करणे

शाळेत संगणक आला की त्याचा पडदा, कळफलक व त्यावरील चित्रे यांकडेच सर्वांचे लक्ष जाते. वस्तुतः यंत्राचे निरनिराळे भाग आणि त्यांवर चालणारे कार्यक्रम यांच्यातील सारी देवघेव ज्याच्या हातून होते, तो भाग दृष्टीस पडतच नाही. स्मृती कोणास किती द्यावी, तबकडीवरील मजकूर कोणी वाचावा, छपाईयंत्रास आज्ञा कशी पोहोचवावी, हे सर्व तोच ठरवितो. त्यास कर्नेल, म्हणजे गाभा, असे म्हणतात. लिनक्स हा गाभा हेलसिंकी विद्यापीठात शिकत असलेल्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली प्रथम प्रसृत केला. पुढे त्याभोवती अनेक संपूर्ण प्रणाली उभ्या राहिल्या. डेबियन ही त्यांतील एक जुनी व भरवशाची प्रणाली होय. सी-डॅक या भारतीय संस्थेने २००७ साली आणलेली 'बॉस' ही प्रणालीही डेबियनच्याच पायावर रचलेली आहे. पुढील विवेचन डेबियन कुळातील प्रणालींस अनुलक्षून केले आहे.

चालू असलेली वस्तू बदलावी कशास, ही शंका स्वाभाविक आहे. तिचे उत्तर एका उदाहरणाने मिळेल. ऑक्टोबर २०१६ मध्ये 'डर्टी काऊ' नावाचा एक दोष उघडकीस आला. तो २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यात दडून होता. ज्यास केवळ साध्या वापराची मुभा दिली आहे, अशा व्यक्तीस त्या दोषाच्या आधारे संपूर्ण यंत्राचा ताबा मिळविता येत असे. ज्या यंत्रावर सकाळी मुले चित्रे काढतात व दुपारी त्याच यंत्रावर विद्यार्थ्यांची माहिती भरली जाते, तेथे असा दोष राहू देणे बरे नव्हे. डेबियनच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर गाभाही पुढे सरकतो. ऑगस्ट २०२१ च्या अकराव्या आवृत्तीत तो ५.१० होता, जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत ६.१ झाला व ऑगस्ट २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत ६.१२.

आता आरंभ-प्रतिमेचा विचार करू. हा भाग नीट समजला तर पुढील बहुतेक अडचणींचा उलगडा आपोआप होतो. होडी पैलतीरी बांधलेली आहे, आणि ती आणावयास पैलतीरी जाण्यासाठी होडीच हवी, अशी अडचण सव, दासगाव या सावित्रीकाठच्या मुलांस सांगताच पटेल. गाभ्याचीही नेमकी हीच अडचण असते. तबकडी वाचण्यासाठी त्यास विशिष्ट चालक-कार्यक्रम लागतो, आणि तो कार्यक्रम तर तबकडीवरच ठेवलेला असतो. यावर उपाय असा केला आहे की, आवश्यक तेवढे चालक व काही छोट्या आज्ञा यांची एक दाबून बांधलेली शिदोरी गाभ्यासोबतच स्मृतीत उतरविली जाते. ग्रब नावाचा आरंभक हे काम करतो. गाभा ती शिदोरी सोडतो, तिच्यातील चालकांच्या साहाय्याने खरी तबकडी शोधतो, आणि मग कारभार तबकडीवरील प्रणालीच्या हाती सोपवितो. या शिदोरीस इनिट्रॅमएफएस म्हणतात. ती प्रत्येक गाभ्याची स्वतंत्र असते. एकाची दुसऱ्यास चालत नाही, कारण चालक ज्या गाभ्यासाठी घडविले त्याच्याशीच जुळतात.

प्रत्यक्ष कामास आरंभ करण्यापूर्वी महत्त्वाच्या मजकुराची प्रत बाहेरच्या साधनावर घ्यावी व ते साधन दुसऱ्या जागी, उंचावर ठेवावे. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहरात शिरलेल्या महापुरानंतर या तालुक्यात याचे कारण कोणास सांगावे लागू नये. काम चालू असता वीज जाणार नाही अशी तजवीज हवी. पावसाळ्यात विजेचा भरवसा नसेल तर हे काम उघडिपीवर टाकावे. त्यानंतर 'डीएफ' या आज्ञेने 'बूट' या विभागात जागा किती शिल्लक आहे ते पाहावे. ही पाहणी बहुधा गाळली जाते, आणि बहुतेक अपघात येथेच होतात.

'अ‍ॅप्ट अपडेट' व त्यामागून 'अ‍ॅप्ट फुल-अपग्रेड' या आज्ञा दिल्या की नवा गाभा जुन्याच्या शेजारी येऊन बसतो, त्याची शिदोरी आपोआप बांधली जाते व ग्रबच्या यादीत त्याचे नाव चढते. सहसा जुना गाभा तसाच राहतो. ही सोय फार मोलाची आहे. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर 'युनेम -आर' ही आज्ञा चालू गाभ्याचा क्रमांक दाखविते.

परंतु 'बूट' विभाग भरलेला असेल तर गाभा येतो आणि शिदोरी मात्र अर्धवट राहते. पडद्यावर आलेली तक्रार न वाचता यंत्र पुन्हा सुरू केले, की मूळ तबकडी सापडत नाही असा संदेश देऊन ते थांबते. अशा वेळी यंत्र बिघडले असे समजून ते महाडास दुरुस्तीस नेण्याची घाई करू नये. ग्रबच्या यादीतील प्रगत पर्यायांत जाऊन जुना गाभा निवडावा. यंत्र पूर्ववत चालू होते. नंतर 'अ‍ॅप्ट ऑटोरिमूव्ह' या आज्ञेने निरुपयोगी झालेले गाभे काढून जागा करावी, 'अपडेट-इनिट्रॅमएफएस' या आज्ञेस नव्या गाभ्याचा क्रमांक देऊन त्याची शिदोरी पुन्हा बांधावी आणि 'अपडेट-ग्रब' चालवावे. मध्येच वीज गेल्यामुळे काम अर्धवट राहिले असेल तर प्रथम 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' या आज्ञेने ते पुरे करून घ्यावे. चालू असलेला गाभा मात्र हाताने कधीही पुसू नये.

शिदोरी लहान करण्याचाही एक मार्ग आहे. तिच्या मांडणीच्या धारिकेत 'मॉड्यूल्स' या शब्दापुढे 'मोस्ट' असते, म्हणजे बहुतेक सर्व प्रकारच्या यंत्रांचे चालक बरोबर घेतले जातात. तेथे 'डेप' लिहिल्यास केवळ त्याच यंत्रापुरते चालक येतात व जागा पुष्कळ वाचते. तथापि शाळेने हा मोह टाळावा हेच श्रेयस्कर. यंत्र निकामी झाले व तबकडी तेवढी वाचली, तर ती दुसऱ्या संगणकात बसवून काम पुढे चालविता येते. अशा परक्या घरी 'डेप'ची शिदोरी अपुरी पडण्याचा संभव असतो.

बाहेरून घेतलेले बिनतारी जोडणीचे उपकरण नव्या गाभ्यावर चालेनासे झाले, तर त्याचा चालक नव्या गाभ्यासाठी पुन्हा घडवावा लागतो. त्याकरिता त्याच क्रमांकाचे 'हेडर्स' आणून ठेवावे. छपाई, ध्वनी व जोडणी ही सर्व दोन-चार दिवस तपासून पाहिल्याखेरीज जुना गाभा काढू नये. जडवस्तु-संग्रह नोंदवहीत संगणकाच्या नोंदीसमोर नव्या गाभ्याचा क्रमांक व दिनांक लिहून ठेवावा, म्हणजे बदलून आलेल्या शिक्षकास तो शोधत बसावे लागणार नाही.