कोलारचा खडक आणि मिठाची खाण

अणुभट्टीत वापरलेल्या इंधनातून युरेनियम व प्लुटोनियम वेगळे काढल्यावर जो अतितीव्र किरणोत्सारी द्रव उरतो, तो तारापूरला १९८० च्या दशकापासून बोरोसिलिकेट काचेत, म्हणजे उष्णता व पाणी यांना दाद न देणाऱ्या बोरॉनयुक्त काचेत, सुमारे ९५० अंश सेल्सिअसला वितळवून पोलादी डब्यांत ओतला जातो. डबे थंड व्हायला काही दशके लागतात. त्यानंतर त्यांना भूगर्भातच कायमची जागा हवी, याबद्दल शास्त्रज्ञांत फारसे दुमत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९५७ मध्ये मिठाच्या थरांकडे बोट दाखवले, कारण जिथे पाणी वाहिले असते तिथे मीठ विरघळून गेले असते, आणि शिवाय दाबाखाली ते अतिशय मंद गतीने सरकत राहून भेगा व पोकळ्या आपोआप बुजवते. न्यू मेक्सिकोतील कार्ल्सबाडजवळ सुमारे ६५५ मीटर खोलीवर १९९९ पासून लष्करी कामातील प्लुटोनियमयुक्त कचरा असाच ठेवला जातो. तिथे कचरा भरून होईपर्यंत छताला बोल्ट ठोकून मिठाला थोपवून धरावे लागते, हे त्या सरकण्याचे कौतुक करताना सहसा सांगितले जात नाही.

भारताने कठीण खडकाचा विचार केला. जुन्या म्हैसूर संस्थानातील कोलारच्या सोन्याच्या खाणींत, सुमारे १००० मीटर खोलीवरील वापरातून गेलेल्या भागात, भाभा अणुसंशोधन केंद्राने खडकात विद्युत तापक बसवून कित्येक वर्षे तापमान व ताण मोजले. किरणोत्सारी कचरा तिथे नव्हता. त्याची उष्णता तेवढी उसनी आणली होती. वाढत्या उष्णतेने खडक प्रसरण पावतो, पण आजूबाजूचा थंड खडक त्याला जागा देत नाही, आणि या ओढाताणीत भेग पडते का, हे पाहणे हा त्या प्रयोगाचा गाभा होता. खाण २००१ मध्ये बंद झाली.

जर्मनीतील आस्से या मिठाच्या खाणीत १९६७ ते १९७८ दरम्यान किरणोत्सारी कचऱ्याची सुमारे १,२६,००० पिंपे ठेवली गेली, त्यांपैकी बरीच नुसती लोटून वर मीठ टाकलेली. १९८८ पासून तिथे खारे पाणी झिरपते आहे, दिवसाला अंदाजे १२,००० लिटर. जुन्या उत्खननाने खाणीची एक बाजू दुबळी झाली होती, म्हणून मिठाचे सरकणे, ज्यावर भिस्त होती, तेच वरच्या खडकाला तडे देऊ लागले. २०१३ मध्ये पिंपे परत काढण्याचा कायदा झाला. न्यू मेक्सिकोत २०१४ मध्ये एका पिंपात नायट्रेट क्षार व शोषक म्हणून घातलेला सेंद्रिय पदार्थ यांची रासायनिक प्रक्रिया होऊन ते फुटले. मिठाचा दोष नव्हता, तरी नव्याने कचरा ठेवणे जवळपास ३ वर्षे थांबले. भारतात कायमच्या साठ्याची जागा अजून ठरलेली नाही, आणि काचेचे आकारमान कमी असल्याने तातडीही नाही, अशी अणुऊर्जा विभागाची भूमिका आहे. ती पटण्यासारखी आहे, मात्र काच पुरेशी थंड होईल त्या वेळी खडकाची निवड नव्याने सुरू करावी लागू नये.