दंतशल्यक्रियेतील स्नायू शिथिलके

दंतशल्यक्रियेतील स्नायू शिथिलके ही संपूर्ण भुलीखाली केल्या जाणाऱ्या दंतशल्यक्रियेत स्नायू तात्पुरते सैल करण्यासाठी वापरली जाणारी औषधे आहेत. ती चेतातंतूकडून स्नायूकडे जाणारा संदेश रोखतात. त्यांच्यामुळे वेदना शमत नाही वा शुद्ध हरपत नाही. श्वसनाचे स्नायू मात्र निकामी होतात. म्हणून ती भुलीच्या औषधांसोबत व कृत्रिम श्वसनाची सोय असतानाच दिली जातात.

गरज

बहुतेक दात स्थानिक भुलीखाली काढता येतात व तेव्हा शिथिलक लागत नाही. रुतलेल्या अक्कलदाढा, लहान मुलांवरील दीर्घ उपचार अशा वेळी संपूर्ण भूल दिली जाते. शल्यचिकित्सकाला तोंड मोकळे हवे असल्याने श्वासनलिकेतील नळी अनेकदा नाकातून घालतात. शिथिलकामुळे ती घालणे सुकर होते. बाह्यरुग्ण त्याच दिवशी घरी जाणार असल्याने औषधाचा परिणाम पूर्णपणे ओसरणे हा निवडीचा मुख्य निकष ठरतो.

प्रमुख औषधे

सक्सिनिलकोलिन: सुमारे १ मिनिटात परिणाम होतो व तो ५ ते १० मिनिटे टिकतो. रक्तातील कोलिनएस्टरेज या विकराची आनुवंशिक कमतरता असल्यास स्नायू कित्येक तास लुळे राहू शकतात; भारतातील आर्य वैश्य समाजात ही कमतरता तुलनेने अधिक आढळते. नंतर होणारी अंगदुखी, निदान न झालेला स्नायुविकार असलेल्या मुलांमध्ये रक्तातील पोटॅशियम एकाएकी वाढणे आणि घातक अतिताप हे इतर धोके आहेत.

मिव्हाक्युरियम: परिणाम १५ ते २० मिनिटे टिकतो, मात्र त्याचे विघटनही त्याच विकरावर अवलंबून असते.

ॲट्राक्युरियम: हे शरीरात बऱ्याच अंशी आपोआप विघटित होत असल्याने मूत्रपिंडाच्या विकारातही वापरता येते.

रोक्युरोनियम: १ ते २ मिनिटांत परिणाम होतो व नेहमीच्या मात्रेत तो साधारण अर्धा तास टिकतो. सुगामाडेक्स या उताऱ्याने तो काही मिनिटांत घालवता येतो. सुगामाडेक्समुळे संप्रेरकयुक्त गर्भनिरोधकांचा परिणाम घटतो. त्यामुळे पुढील ७ दिवस पर्यायी साधन वापरण्याचा सल्ला देतात.

तोंड न उघडणे

दाढेच्या दुखण्यामुळे आवळलेला जबडा भुलीनंतर बहुधा सैल होतो. सुपारी वा गुटख्याच्या सेवनाने होणाऱ्या सबम्युकस फायब्रोसिसमध्ये मात्र ऊतीच ताठर झालेल्या असल्याने शिथिलक देऊनही तोंड उघडत नाही आणि रुग्णाचा स्वतःचा श्वास तेवढा थांबतो. अशा वेळी रुग्ण जागा असतानाच लवचीक दुर्बिणीच्या साहाय्याने नळी घालणे अधिक सुरक्षित मानले जाते.

परिणाम ओसरल्याची खात्री

अंशतः लुळेपणा उरल्यास गिळणे व खोकणे दुर्बल राहते आणि तोंडातील रक्त श्वासमार्गात जाऊ शकते. डोके उचलून धरता येणे हा पुरेसा पुरावा नाही. चेतातंतूला विजेची चार सौम्य स्पंदने देऊन चौथ्या व पहिल्या आकुंचनाचे गुणोत्तर मोजतात. ते किमान ०.९ झाल्यावरच नळी काढावी, असा संकेत आहे.