आधीची बाजरी, आपला गहू

गिरणीत बाजरीच्या मागोमाग आपला गहू पडला, की पहिल्या दोन-चार मुठी पिठात बाजरी येतेच. मेमरीचंही तसंच आहे. सी भाषेत फंक्शनच्या आत 'इंट एरर;' एवढंच लिहिलं तर त्या व्हेरिएबलला जागा मिळते, किंमत मिळत नाही. आधीच्या कामाचं जे उरलंसुरलं त्या जागी पडलेलं असेल, तेच हाती येतं. म्हणून कंपायलर इशारा देतो: किंमत भरण्याआधीच वाचली जातेय.

ॲप कोसळलं तर पुन्हा उघडता येतं. पण लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, असा चुकला तर अख्खं यंत्र बसू शकतं, नाहीतर मेमरीतली शिळी माहिती बाहेर पाझरू शकते.

मग सरळ शून्य भरून टाकावं? फसगत होते ती इथेच. समजा, ड्रायव्हरमध्ये लिहिलंय: उपकरण सापडलं तर ते सुरू करा, निकाल 'एरर'मध्ये ठेवा आणि शेवटी 'एरर' परत करा. उपकरण सापडलंच नाही तर? त्या वाटेवर कुणी काहीच भरलेलं नाही. शून्य भरलं की इशारा गप्प होतो खरा. पण कर्नलच्या रिवाजात शून्य म्हणजे 'काम फत्ते'! नसलेलं उपकरण सुरू झाल्याची वर्दी वर जाते. त्या वाटेवर 'उपकरण नाही' सांगणारा उणे ईनोडेव्ह परत करणं, ही खरी दुरुस्ती.

कंपायलर कधी उगाचही ओरडतो. दोन अटी नेहमी जोडीनेच खऱ्या होतात, हे त्याला दर वेळी उमगत नाही. त्यासाठी कर्नलमध्ये एक मॅक्रो होता. तो व्हेरिएबलला स्वतःचीच किंमत देऊन कंपायलरचं तोंड बंद करी. पुढे कोड बदलून खरी चूक शिरली, तरी तोंड बंदच! २०२० मध्ये तो काढून टाकला, हे फार चांगलं झालं. त्याच वर्षी लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी जीसीसी या कंपायलरचा 'मेबी अनइनिशियलाइज्ड' (कदाचित किंमत न भरलेलं) हा इशारा नेहमीच्या बिल्डमधून वगळला, कारण खोट्या तक्रारींच्या गर्दीत खऱ्या हरवत होत्या.

जीसीसी १२ पासून स्थानिक व्हेरिएबलमध्ये आपोआप शून्य भरून घेता येतं. त्याने गळती थांबते, पण चुकीचं उत्तर बरोबर होत नाही. तेव्हा पॅचमध्ये '= ०' लिहिण्याआधी फंक्शनमधली प्रत्येक वाट 'रिटर्न'पर्यंत स्वतः चालून पाहा.